ग्लासातलं पाणी काळं कशानं झालं? डायहायड्रोजन मोनॉक्साइडचा मेसेज आणि आरओवाल्याचा डेमो

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याच्या बाजूला. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज आला की नळाच्या पाण्यात 'डायहायड्रोजन मोनॉक्साइड' नावाचं रसायन सापडलं आहे. ते श्वासात गेलं तर माणूस मरतो, लोखंड गंजतं, कॅन्सरच्या गाठीतही ते सापडतं. त्याच आठवड्यात एक आरओवाला, म्हणजे पाणी शुद्ध करायची मशीन विकणारा, आला. त्यानं नळाच्या पाण्यात सळ्या बुडवल्या तर मिनिटभरात पाणी हिरवट, मग काळपट तपकिरी झालं. त्याच्या मशीनचं पाणी मात्र स्वच्छ राहिलं. बायामाणसं घाबरून गेली आहेत. गावासाठी मोठी मशीन घ्यायचा विषय ग्रामसभेत येणार आहे. हे खरं आहे का, आणि आम्ही काय करावं?"

भाऊ, आधी सरळ उत्तर देतो. डायहायड्रोजन मोनॉक्साइड म्हणजे पाणीच. मेसेजमधलं जवळपास प्रत्येक वाक्य खरं आहे आणि तरीही मेसेज फसवा आहे. ग्लासात जे काळं दिसलं ते तुमच्या पाण्यात नव्हतं, ते त्या सळीचं लोखंड होतं. मात्र एवढ्यावरून तुमचं पाणी पिण्याजोगं आहे असं मी म्हणणार नाही, कारण ते इथे बसून कोणालाच सांगता येत नाही. तुमच्या जिल्ह्यात बऱ्याच गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराईड जास्त आहे. फ्लोराईडला रंग नाही, वास नाही, चव नाही. सळ्यांच्या त्या खेळात ते कधीच दिसणार नाही. म्हणून मेसेज खरा की खोटा एवढं कळून तुमचं काम भागत नाही. पाण्यात नेमकं काय आहे आणि किती आहे, हे भरवशाने कसं कळेल, ते बघायला हवं.

आधी मेसेज. डाय म्हणजे दोन, मोनो म्हणजे एक. दोन हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन, शाळेतलं एच टू ओ. नाव रसायनशास्त्राच्या नियमात बसतं, फक्त बोलण्यात कोणी वापरत नाही. आता ती आणि अशा मेसेजमधली इतर वाक्यं पाण्याची समजून वाचा. श्वासात गेलं तर मृत्यू, म्हणजे बुडणं. वायुरूपात गंभीर भाजतं, म्हणजे वाफ. कॅन्सरच्या गाठीत सापडतं, कारण शरीराच्या प्रत्येक पेशीत पाणी आहे, मग गाठीतही असणारच. आम्लवर्षेचा मुख्य घटक, कारण पाऊस पाण्याचाच पडतो. या मेसेजच्या काही नमुन्यांत आणखी एक वाक्य असतं: कीटकनाशकाच्या फवारणीत वापरतात आणि भाजी धुतली तरी भाजीवर राहतं. पंपात औषध टाकलं की बाकीचं पाणीच भरतो आपण, आणि धुतलेल्या भाजीवर पाणी राहणारच.

हा मजकूर जुना आहे. १९८३ साली अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात ड्युरँड गावच्या एका साप्ताहिकानं १ एप्रिलच्या निमित्तानं बातमी छापली की गावाच्या नळात 'डायहायड्रोजन ऑक्साइड' सापडलं आहे. १९९० च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझच्या विद्यार्थ्यांनी त्याची पत्रकं वाटली, पुढे ते इंटरनेटवर गेलं. १९९७ मध्ये आयडाहो फॉल्सच्या नेथन झोनर नावाच्या १४ वर्षांच्या मुलानं विज्ञान प्रदर्शनासाठी तो मजकूर नववीच्या ५० मुलांना वाचायला दिला आणि या रसायनाचं काय करावं असं विचारलं. ४३ जणांनी बंदी घाला म्हटलं. हे पाणी आहे हे एकट्या एकानं ओळखलं. २००४ मध्ये तर कॅलिफोर्नियातल्या अलिसो व्हिएहो शहराच्या नगर परिषदेपुढे फोमच्या कपांवर बंदीचा प्रस्ताव आला होता, आणि कप बनवताना हे रसायन वापरतात हे त्यातलं एक कारण होतं. वेळेवर लक्षात आलं म्हणून तो विषय मागे घेतला गेला. तेव्हा तुमच्या गावातले लोक घाबरले यात अडाणीपणाचं काही नाही. शिकलेल्या शहरातही हेच झालं आहे.

माणूस फसतो तो खोट्या माहितीमुळे नव्हे, गाळलेल्या माहितीमुळे. मेसेजमध्ये तीन गोष्टी नाहीत: किती, कोणत्या वाटेनं आणि किती दिवस. या तीन गोष्टी काढल्या की कशाचंही विष करता येतं. नागपूरच्या संत्र्यात '२-हायड्रॉक्सीप्रोपेन-१,२,३-ट्रायकार्बॉक्सिलिक ॲसिड' असतं. हेच ॲसिड पाइपातला आणि बॉयलरमधला क्षार सोडवायला वापरतात, डोळ्यात गेलं तर झोंबतं, दातांचं वरचं कवच झिजवू शकतं. हे सगळं खरं आहे. ते सायट्रिक ॲसिड आहे आणि लिंबात संत्र्यापेक्षा जास्त असतं. उलट बाजूनंही बघा. साधं पाणीसुद्धा थोड्या वेळात भसाभसा प्यायलं तर रक्तातलं सोडियम उतरतं आणि जीवावर बेततं. मे महिन्यात ४५ अंशांत वावरात घाम गाळणाऱ्या मजुरानं नुसतं पाणी पीत राहण्यापेक्षा मध्ये ओआरएस किंवा मीठ-साखरेचं पाणी घ्यावं, ते यासाठीच.

लोकांना तुम्ही हे समजावणार असाल तर एक भान ठेवा. यवतमाळ जिल्ह्यात रसायनाची भीती हवेतून आलेली नाही. २०१७ च्या हंगामात पराटीवर (कपाशीवर) फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात २० पेक्षा जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो दवाखान्यात पडले. ज्या घरानं ते पाहिलं त्या घराला "रसायनाला काय भ्यायचं" असं सांगणं चूक आहे आणि क्रूरही. फरक एवढाच सांगायचा की तिथे विषाचं नाव माहीत होतं, ते कातडीतून आणि श्वासातून गेलं हे माहीत होतं, आणि किती विषारी ते डब्यावर रंगात छापलेलं होतं. औषधाच्या डब्यावरच्या चौकोनाचा खालचा भाग लाल असेल तर प्राण्यांवरच्या चाचणीत तोंडावाटे शरीराच्या वजनाच्या किलोमागे १ ते ५० मिलिग्रॅम इतक्या कमी मात्रेत निम्मे प्राणी मरतात. पिवळा म्हणजे ५१ ते ५००, निळा ५०१ ते ५०००, हिरवा त्याच्याही वर. तो रंग म्हणजे आकडाच आहे. मेसेजमध्ये असा एकही आकडा नाही.

आता सळ्यांचा डेमो. तिथे पैशाचा व्यवहार आहे, म्हणून नीट समजून घ्या.

त्या यंत्राला बहुतेक वेळा चार सळ्या असतात, दोन लोखंडाच्या आणि दोन ॲल्युमिनियमच्या. प्रत्येक ग्लासात एक-एक जोडी जाते. आत विजेचा प्रवाह एकाच दिशेनं नेणारा भाग असतो. पाण्यातून वीज जायला पाण्यात विरघळलेले क्षार लागतात. विहिरीच्या, बोअरच्या, नळाच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, बायकार्बोनेट, क्लोराईड हे असतातच, म्हणून वीज जाते. आरओच्या पाण्यातले बहुतेक क्षार काढून टाकलेले असतात, म्हणून वीज जवळपास जातच नाही. सगळा खेळ इथेच आहे. वीज गेली की धन टोकाच्या लोखंडी सळीचं लोखंड विरघळून पाण्यात उतरतं. ऋण टोकाला पाणी फुटून हायड्रोजनचे बुडबुडे निघतात आणि तिथे पाणी अल्कधर्मी होतं. दोन्ही मिळून आधी हिरवट फेरस हायड्रॉक्साइड तयार होतं, हवा लागली की ते तपकिरी फेरिक हायड्रॉक्साइड होतं. म्हणजे गंज. पांढरट जेलीसारखे तुकडे तरंगले असतील तर ते ॲल्युमिनियमचे.

किती लोखंड उतरतं याचा हिशेब करता येतो. अर्धा अँपिअर प्रवाह एक मिनिट चालला तर साधारण ९ मिलिग्रॅम लोखंड विरघळतं. २०० मिलीच्या ग्लासात ते लिटरमागे ४० मिलिग्रॅमच्या वर जातं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, लोखंडाची मर्यादा लिटरमागे १ मिलिग्रॅम आहे. म्हणजे डेमोनं मिनिटाभरात स्वतःच पाणी मर्यादेच्या ४० पट खराब केलं. आधी ते तसं नव्हतं.

हे ग्रामसभेत दाखवायचं असेल तर भाषण नको, प्रयोग करा. विक्रेता असेल तेव्हा त्याच्याच मशीनचं पाणी घ्या, २०० मिलीत चिमूटभर मीठ टाकून ढवळा आणि त्याच सळ्या बुडवायला सांगा. त्याचं 'शुद्ध' पाणीही तपकिरी होईल. मीठ आपण रोज वरणात टाकतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे वेगळं समजवावं लागत नाही. एक मात्र काटेकोर पाळा: ही यंत्रं थेट २३० व्होल्टच्या प्लगवर चालतात. बोट, चमचा काही पाण्यात घालू नका, ओल्या जमिनीवर उभं राहून हात लावू नका, लेकरं लांब ठेवा, सळ्या हलवायच्या आधी प्लग काढायला लावा.

विक्रेता नसेल तर शाळेत हेच बॅटरीवर करा. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी, दोन तारा, दोन साधे लोखंडी खिळे आणि नळाचं अर्धा ग्लास पाणी. खिळे एकमेकांपासून दोन-तीन सेंटीमीटर दूर धरा. बॅटरीचा जोर कमी, म्हणून मिनिटभरात काही होणार नाही, दहा-पंधरा मिनिटं थांबा. आधी हिरवट-पिवळी छटा येते, मग तपकिरी गाळ बसतो. नंतर दुसऱ्या ग्लासात तेच पाणी घ्या आणि खिळ्यांऐवजी दोन्ही टोकं छिललेल्या दोन शिसपेन्सिली लावा. बुडबुडे येतील, गंजाचा रंग येणार नाही. पाणी तेच, बॅटरी तीच, फक्त लोखंड काढून घेतलं. काळं कुठून येत होतं ते पोरांनाही कळतं.

यात चुकतं कुठे तेही सांगतो. जस्ताचा मुलामा दिलेला चकचकीत खिळा वापरला तर गंजाऐवजी पांढरट गढूळपणा येतो आणि लोक म्हणतात, बघा, हे दुसरं विष. म्हणून साधा, मुलामा नसलेला खिळा घ्या. खिळे एकमेकांना टेकले तर बॅटरी तापते. पेन्सिलीचं टोक आत तुटलेलं असेल तर प्रवाहच जात नाही आणि प्रयोग फसल्यासारखा वाटतो. स्टीलचे चमचे वापरू नका, त्यातून क्रोमियम उतरू शकतं. आणि कोणत्याही ग्लासातलं पाणी नंतर प्यायचं नाही, फेकून द्यायचं.

इथे थोडं आडवळण घेतो, कारण हे पुढे उपयोगी पडेल. ॲल्युमिनियमचे ते जेलीसारखे तुकडे फ्लोराईडला धरून खाली बसवतात. तुरटी आणि चुना टाकून फ्लोराईड कमी करायची 'नालगोंडा पद्धत' याच गुणावर उभी आहे आणि ती आपल्या नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनं विकसित केली. ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांतून वीज सोडून फ्लोराईड काढायची पद्धतही खरोखर आहे. तेव्हा पाण्यात वीज सोडणं हे थोतांड आहे असं कोणाला सांगत फिरू नका. लोखंडाची सळी गंजवून दाखवायची आणि त्याला पाण्याची तपासणी म्हणायचं, हे थोतांड आहे.

सळ्यांशिवाय आणखी दोन गोष्टी विक्रेत्याच्या बॅगेत असतात. पहिली टीडीएस मीटर. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार. मीटर पाण्याची वीजवाहकता मोजतो आणि एका ठरावीक गुणकानं गुणून क्षारांचा अंदाज दाखवतो. मानकानुसार टीडीएस लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला, दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालतो. "शंभराच्या वर म्हणजे विष" असं कोणी म्हणालं तर मीटर नारळपाण्यात बुडवायला सांगा, आकडा हजारांत जाईल. मीटरची अडचण याहून मोठी आहे. तुमच्या पाण्याचा टीडीएस ६०० असेल तर मीटरची दोन टक्क्यांची चूकही १२ मिलिग्रॅमची होते. फ्लोराईडची कमाल मर्यादा आहे १.५ मिलिग्रॅम. म्हणजे फ्लोराईड धोक्याच्या पातळीला असलं तरी मीटरच्या चुकीतच ते हरवून जातं. जंतू तर त्याला अजिबात कळत नाहीत. नालीचं पाणी मिसळलेल्या विहिरीचा टीडीएस २५० असू शकतो आणि त्यानं घरोघरी हगवण लागू शकते.

दुसरी गोष्ट पिवळा रंग. चार थेंब टाकले की नळाचं पाणी पिवळं होतं आणि विक्रेता म्हणतो, केमिकल आहे. आहेच, ते क्लोरीन आहे. गावचं पाणी तपासणारा जलसुरक्षक रोज ओटी टेस्टमध्ये, म्हणजे शिल्लक क्लोरीनच्या तपासणीत, हाच पिवळा रंग शोधतो. नळाच्या टोकाच्या घरी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहावं हा नियम आहे. पिवळा रंग आला नाही तर काळजी करायची, आला म्हणून नव्हे. हजार लिटरला चांगल्या प्रतीची, ३३ टक्के क्लोरीनची ५ ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग) पावडर साधारण पुरते. पाणी गढूळ असेल तर जास्त लागते. पावडर आधी बादलीत कालवून चुन्याचा गाळ खाली बसू द्यावा, वरचं पाणी टाकीत सोडावं आणि अर्ध्या तासानंतर तपासावं. उघड्या पोत्यात ठेवलेली पावडर पावसाळ्यात मरते. मग पाच ग्रॅम काय, पंधरा टाकली तरी पिवळा रंग येत नाही.

आता ज्याची खरोखर काळजी करायला हवी ते. तुमच्या भागात माझ्या यादीत तीनच गोष्टी वर आहेत: फ्लोराईड, नायट्रेट आणि विष्ठेतले जंतू.

फ्लोराईड १ मिलिग्रॅमपर्यंत चांगलं, १.५ पर्यंत चालतं, त्यापुढे वाढत्या वयाच्या मुलांच्या दातांवर आधी खडूसारखे पांढरे आणि मग पिवळे-तपकिरी पट्टे येतात. याहून जास्त प्रमाण वर्षानुवर्षं पोटात गेलं तर हाडं आणि सांधे आखडतात. थोड्या प्रमाणात हेच फ्लोराईड दातांना मजबुती देतं, म्हणून "फ्लोराईड सापडलं" एवढ्या वाक्याला अर्थ नाही. दहा हजार लिटरच्या टँकरात १५ ग्रॅम फ्लोराईड म्हणजे १.५ मिलिग्रॅमची मर्यादा झाली. जेमतेम तीन चहाचे चमचे. एवढ्या कमी गोष्टीचा फरक डोळ्यांनी कळत नाही, तपासावंच लागतं. उकळल्यानं ते जात नाही. पाणी आटून उलट थोडं वाढतं.

नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम. युरिया, गोठा, उकिरडा, शोषखड्डा यांच्याजवळच्या उथळ विहिरींत ते जास्त सापडतं. मोठ्यांना लगेच त्रास होत नाही, पण सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं दूध त्या पाण्यात कालवून दिलं तर रक्ताची ऑक्सिजन वाहून न्यायची ताकद कमी होते आणि बाळ निळं पडू शकतं. तेही उकळून जात नाही. जंतू मात्र उकळून, क्लोरीननं किंवा यूव्ही (अतिनील) किरणांनी मरतात. गावातली माणसं दर पावसाळ्यात आजारी पडतात ती बहुतेक या तिसऱ्या कारणानं, आणि त्यावरचा उपाय सगळ्यांत स्वस्त आहे.

तपासणीसाठी विक्रेत्याची गरज नाही. जलजीवन मिशनमध्ये ग्रामपंचायतींना फील्ड टेस्ट किट दिली आहे आणि ती वापरायला गावातल्या पाच महिलांना प्रशिक्षण द्यायचं असतं. किट कपाटात पडून असेल तर आधी ती काढा आणि बाटल्यांवरची मुदत बघा. मुदत संपलेलं तपासणीचं रसायन चुकीचा रंग देतं. फ्लोराईडच्या बहुतेक किटमध्ये रंग गुलाबीकडून पिवळ्याकडे सरकतो, तो तक्त्याशी दिवसाच्या उजेडात जुळवा, बल्बखाली जुळवू नका. जंतूंसाठी एचटूएसची कुपी असते. खुणेपर्यंत पाणी भरून उबदार जागी ठेवा, २४ ते ४८ तासांत काळी झाली तर पाण्यात घाण मिसळते आहे. तुमच्या गावानं भ्यायचं असेल तर या काळ्या रंगाला भ्यावं.

किट ढोबळ अंदाज देते. मशीनवर पैसे घालायचे असतील तर प्रयोगशाळेचा अहवाल हवा. जिल्ह्याच्या शासकीय पाणी तपासणी प्रयोगशाळेत नमुना द्या, रस्ता ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक) किंवा पंचायत समितीतला पाणीपुरवठ्याचा माणूस सांगेल. नमुना घेण्यातच सगळ्यांत जास्त चुका होतात. बोरिंग आधी पाच मिनिटं हापसा, म्हणजे पाइपातलं साचलेलं पाणी निघून जाईल. एक लिटरची स्वच्छ प्लास्टिकची बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळा आणि काठोकाठ भरा. फ्लोराईडसाठी काचेची बाटली नको, फ्लोराईड काचेशी क्रिया करतं. शीतपेयाची जुनी बाटलीही नको, त्यातलं ॲसिड राहिलेलं असतं. बाटलीवर गाव, स्रोत, बोअरची खोली, तारीख आणि वेळ लिहा. नायट्रेटचा नमुना थंड ठेवून दुसऱ्या दिवसापर्यंत पोचवा. जंतूंचा नमुना प्रयोगशाळेनं दिलेल्या निर्जंतुक बाटलीतच घ्यायचा. बाटलीच्या तोंडाला आतून बोट लावायचं नाही, ती विसळायचीही नाही, कारण क्लोरीन मारायला तिच्यात सोडियम थायोसल्फेट टाकलेलं असतं. बर्फात ठेवून शक्यतो सहा तासांत, फार तर २४ तासांत पोचवा. गावात तीन बोअर आणि एक विहीर असेल तर चार वेगळे नमुने द्या. शंभर मीटरवरच्या दोन बोअरचं फ्लोराईड सारखं असेलच असं नाही, आणि तुमच्या अडचणीचं उत्तर कधी कधी त्या दुसऱ्या बोअरमध्येच असतं.

मशीन घ्यावी का, हे या आकड्यांवर ठरेल. फ्लोराईड आणि नायट्रेट मर्यादेत, टीडीएस ५०० च्या आत आणि फक्त जंतू सापडले, तर आरओचं काही काम नाही, टाकी धुणं आणि नियमित टीसीएल पुरे. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानंही ५०० पेक्षा कमी टीडीएसच्या पाण्याला आरओ वापरण्यावर बंदी आणण्याचे निर्देश केंद्राला दिले होते, कारण पाणी वाया जातं. फ्लोराईड १.५ च्या वर असेल आणि गावात दुसरा चांगला स्रोत असेल तर आधी तो वापरात आणा. उघड्या विहिरीत बहुधा खोल बोअरपेक्षा फ्लोराईड कमी असतं, पण नायट्रेट आणि जंतू तपासल्याशिवाय तिच्यावर जाऊ नका. दुसरा स्रोत नसेल तर फ्लोराईड काढायचं यंत्र लागेल, आणि त्यात आरओ हा एक पर्याय आहे. तो फ्लोराईड खरोखर कमी करतो. पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, अकोल्या-अमरावतीकडे टीडीएस २००० च्या पलीकडे जातो, तिथेही आरओ नको म्हणणं चूक ठरेल.

आरओ घेतलाच तर बाहेर टाकलेल्या पाण्याचा विचार आधी करा. घरगुती मशीन साधारण चार लिटरातलं एक लिटर देते, तीन लिटर सोडून देते. मशीनमध्ये जाणाऱ्या पाण्यात फ्लोराईड २ मिलिग्रॅम असेल तर सोडलेल्या पाण्यात ते २.६ च्या आसपास जातं. ते गुरांच्या टाक्यात सोडू नका, स्वयंपाकात वापरू नका, फरशी आणि संडासाला वापरा. आरओचं पाणी पिण्याबरोबर भात, वरण आणि चहालाही वापरायचं, नाहीतर फ्लोराईड भातातून पोटात जातंच. आंघोळीला, धुण्याला नळाचंच पाणी चालतं, फ्लोराईड कातडीतून आत जात नाही.

ग्रामसभेसाठी माझा सल्ला असा की विषय फेटाळू नका, पुढे ढकला. ठरावात लिहा की सर्व स्रोतांचे शासकीय प्रयोगशाळेचे अहवाल आल्यावर निर्णय घेऊ. आणि विक्रेत्याकडून लेखी मागा: आमच्या पाण्यातला कोणता पदार्थ मर्यादेबाहेर आहे, तो लिटरमागे किती मिलिग्रॅम आहे, कोणत्या प्रयोगशाळेनं कोणत्या तारखेला मोजला, तुमच्या मशीननंतर तो किती उरेल, किती पाणी वाया जाईल, आणि मेम्ब्रेन (मशीनमधला गाळणीचा पडदा) बदलायचा खर्च किती वर्षांनी किती येईल. ज्याची मशीन खरोखर गरजेची आहे तो हे सगळं देतो. नुसता काळा ग्लास दाखवणाऱ्याकडे यातलं एकही उत्तर नसतं.

मेसेजच्या बाबतीत ग्रुपवर नुसतं "फेक आहे" टाकू नका, त्यानं कोणाचं समाधान होत नाही. मेसेजमधलं एकेक वाक्य घ्या आणि त्यापुढे लिहा की हे पाण्याबद्दल आहे. शेवटी तुमच्या बोअरचा खरा अहवाल टाका. घाबरलेल्या आजीला किंवा काकूला "तुम्हाला कळत नाही" असं कोणी म्हणू देऊ नका. तिनं पाण्याबद्दल शंका घेतली ती योग्यच घेतली, तिला उत्तर मात्र कोणी आकड्यात दिलं नाही. शाळेतला खिळे-पेन्सिलीचा प्रयोग तिच्यासमोरच करा आणि बॅटरी तिच्याच नातवाला जोडायला सांगा.

रासायनिक तपासणी वर्षातून एकदा आणि जंतूंची दोनदा, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, अशी पद्धत आहे. फ्लोराईडचा पहिला नमुना उन्हाळ्याच्या शेवटी घेतलात तर बरं, दिवाळीनंतर दुसरा घेऊन तुलना करता येईल. अहवाल आला की स्रोतनिहाय चार आकडे इथे टाका: बोअरची खोली, फ्लोराईड, नायट्रेट आणि टीडीएस. गावची लोकसंख्या आणि रोज किती लिटर पाणी लागतं तेही लिहा. मग आरओ, तुरटी-चुन्याची पद्धत की दुसरा स्रोत, हे हिशेब मांडून सांगता येईल.